मला भिंतीवर टांगलं होतं

मी एक सायकल आहे. लोक मला 'व्हिंटेज' म्हणतात. माणूस म्हातारा झाला की त्याला ओसरीवर बसवतात आणि सायकल म्हातारी झाली की तिला व्हिंटेज म्हणतात. मग दोघांनाही कोणी काम सांगत नाही. मला या शब्दाची किळस येते, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म विलायतेतला. त्याबद्दल रोनक नावाचा एक गृहस्थ तासभर बोलू शकतो. मला मात्र काही आठवत नाही, कारण मी खोक्यात सुटी सुटी आले. आठवतं ते भुसावळच्या रेल्वे कॉलनीपासूनचं. तिथल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं मला जोडून घेतलं आणि देश सोडून जाताना इंजिनात कोळसा टाकणाऱ्या आपल्या फायरमनच्या हवाली केलं. त्या फायरमनचं नाव धनसिंग.

धनसिंगनं मला कधीही जपलं नाही. कोळशाच्या हातांनी धरायचा, चेन उतरली की शिव्या द्यायचा, पावसात लोको शेडच्या भिंतीला टेकवून विसरून जायचा. पण चालवायचा रोज. शेडवर, बाजारात, गिरणीवर. त्याची बायको भागाबाई मागे कॅरिअरवर एका अंगानं बसायची आणि वाटभर त्याला बोलत राहायची. मुलगा योगराज झाला तेव्हा दवाखान्यातून तिला अन् बाळाला माझ्यावर बसवून आणलं. त्या दिवशी धनसिंग माझ्यावर बसला नाही. हँडल धरून सावकाश चालत आला.

त्याच योगराजनं मोठेपणी मला भंगारात दिलं. धनसिंग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता, तेवढ्यात हे उरकलं. घरात जागा नाही, असं कारण. आठवड्यात त्याच जागी सोफा आला.

पिंपराळ्याच्या भंगाराच्या दुकानात मी फुटक्या कुलरखाली पडून होते. तिथे रोनक आला. जळगावातल्या भांड्यांच्या मोठ्या दुकानाचे मालक भिकमचंदशेठ, त्यांचा हा नातू. मला पाहून तो गुडघ्यांवर बसला आणि माझ्या गंजलेल्या दांड्यावरून बोट फिरवून म्हणाला, "काय सौंदर्य आहे." इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मलाही तो माणूस बरा वाटला.

मग सुरू झाला जीर्णोद्धार. रतिलाल मिस्त्रीनं मला पार उघडी केली. धनसिंगनं मुठींना गुंडाळलेली सुतळी कापून फेकली आणि तिथे कातडी मुठी आल्या. दांड्यावर सोनेरी रेघा ओढल्या. पुढे पितळी दिवा बसवला, जो कधी पेटला नाही. रतिलालनं विचारलं, "शेठ, ब्रेकचं रबर नवं टाकू ना?"

"राहू द्या," रोनक म्हणाला. "चालवणार कोण आहे?"

हे वाक्य ऐकलं आणि त्याच्याबद्दलचं माझं मत कायमचं ठरलं.

मला त्याच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात, भिंतीवर टांगलं. पाहुणे चहा पिता पिता माझ्याकडे मान वर करून पाहायचे. रविवारी मला खाली उतरवायचे आणि टेम्पोत घालून मेहरूण तलावावर न्यायचे. तिथे रोनकच्या क्लबची मंडळी धोतर नेसून, फेटे बांधून, काळे चष्मे लावून यायची. तलावाच्या कडेनं थोडं चालवायचं, फोटो काढायचे, दमायचं आणि सायकली पुन्हा टेम्पोत. याला ते 'वारसा फेरी' म्हणायचे. वारसा टेम्पोत आणि वारसदार एसी गाडीत. धोतर सुटू नये म्हणून एकानं खाली जीन्स घातली होती.

धुळ्याच्या एका प्रदर्शनात तर रोनकनं कहर केला. माझ्यापुढे पाटी लावली, 'इंग्रज कलेक्टरांची सायकल'. लोक वाचून माना डोलवत होते. त्याची बायको हिना शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "खरा मालक कोण होता ते आपल्याला माहीतच नाही. शोधू या ना."

रोनकला वाटलं, यातून कार्यक्रम चांगला होईल. हिनानं भंगारवाल्याकडून योगराजचा पत्ता मिळवला आणि एका थंडीच्या रविवारी धनसिंगला गाडीत बसवून जळगावला, बंगल्याच्या अंगणात आणलं. मला आधीच खाली उतरवून ठेवलं होतं.

तो सत्तरी ओलांडलेला, वाकलेला. पुढे आला आणि अंगठ्यानं टायर दाबला. "हवा नाही हिच्यात," एवढंच म्हणाला.

मग शाल, नारळ, भाषण. "धनसिंगनानांनी ही सायकल आयुष्यभर पोटच्या लेकरासारखी जपली," रोनक माईकवर म्हणाला. धनसिंग चमकून इकडेतिकडे पाहू लागला. आणखी कोणाचा सत्कार आहे की काय, असं त्याला वाटलं असावं.

भाषण संपल्यावर त्यानं विचारलं, "एक चक्कर मारू का?"

"नाना, पेंट नवा आहे," रोनक म्हणाला. "फोटोपुरता हात ठेवा फक्त."

धनसिंगनं हात ठेवला. फोटो निघाले. मंडळी वरण-बट्टीच्या पंगतीला बसली. बट्टीवर तूप किती घ्यावं, यावर क्लबात नेहमी खूप चर्चा चालते. ती चालू असताना धनसिंग उठला, कोपऱ्यातला पंप घेतला आणि माझ्या दोन्ही चाकांत हवा भरली. नारळ कॅरिअरला अडकवला, शाल कमरेला बांधली आणि मला घेऊन फाटकाशी आला.

फाटकाशी हिना उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मागे पंगतीकडे पाहिलं आणि फाटक उघडलं.

"नाना, हायवेला डाव्या बाजूनं जा," ती म्हणाली. "ट्रकवाले बघत नाहीत."

तो माझ्यावर बसला. त्याचे गुडघे कुरकुरले, माझं सीट कुरकुरलं. शहर मागे पडलं. उतारावर त्यानं ब्रेक दाबला, तर ब्रेक लागेचना. धनसिंगनं रोनकच्या घराण्याचा उद्धार करत चपला रस्त्याला घासल्या आणि आम्ही खाली आलो. कित्येक वर्षांनी कोणी मला शिव्या देत चालवत होतं. मला फार बरं वाटलं.

नशिराबादजवळ तो चहाच्या टपरीवर पाणी प्यायला थांबला, तेवढ्यात रोनकची गाडी आली. तो धापा टाकत उतरला, जणू गाडी त्यानंच ढकलत आणली होती.

"नाना, हे बरोबर नाही. ही सायकल माझी आहे. मी वाचवली तिला. नाहीतर वितळून गेली असती."

हे खरंच होतं. रोनक आला नसता तर माझ्या सळया झाल्या असत्या. धनसिंगनंही ते नाकारलं नाही.

"वाचवली, खरंय," तो म्हणाला. "पण मला न विचारता गेली ती, हेही खरंय. ऐक. इथून भुसावळपर्यंत तू चालव. मी मागे बसतो. पोचवलंस तर तुझी. मी पुन्हा नाव काढणार नाही."

टपरीवरची माणसं गोळा झाली. दोघा-तिघांनी मोबाईल वर धरले. मोबाईल दिसला की रोनकला नाही म्हणता येत नाही. त्यानं धोतर खोचलं आणि टांग मारली. धनसिंग मागे बसला, मांडीवर नारळ घेऊन.

रोनकला मी वाईट म्हणत नाही. त्यानं जोर लावला. पण माझ्यावर बसून कुठे पोचायचं असतं, हे त्याच्या पायांना ठाऊकच नव्हतं. पुलाचा चढ लागला आणि हँडल लटपटू लागलं. मागून आवाज आला, "खाली बघू नको. पुढे बघ." त्यानं खाली पाहिलं. चढ अर्धाही झाला नव्हता तेव्हा त्याचा पाय जमिनीला टेकला. चेहरा लाल, फेटा कानावर.

"दम घे," धनसिंग म्हणाला. "मग पुन्हा बघू."

रोनकनं मान हलवली. मला धनसिंगच्या हाती दिलं आणि टपरीकडे, आपल्या गाडीकडे चालू लागला. त्या क्षणी मी त्याला जवळजवळ माफ केलं होतं.

पण संध्याकाळी त्यानं मोबाईलवर लिहिलं, 'ही ऐतिहासिक सायकल आम्ही सन्मानपूर्वक मूळ मालकाला अर्पण केली.' सोबत शाल-नारळाचा फोटो. लोकांनी त्याच्या मोठ्या मनाचं भरभरून कौतुक केलं. योगराजनंही केलं, आणि तो फोटो आपल्या बापाला कौतुकानं दाखवला. मी सोफ्यालगत उभी होते. माणसाची लाज नेमकी कुठे असते, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याआधी, आम्ही भुसावळला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भागाबाई दारात बसली होती. तिचं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे घरात अहिराणीच.

"हाई कोनी सायकल शे?" तिनं विचारलं.

"आपलीच शे."

ती उठून माझ्याभोवती फिरली. पदरानं सोनेरी रेघ घासून पाहिली. "हाई बठ्ठं सोंग कोनी कयं?" हे सगळं सोंग केलं कोणी, असा तिचा सवाल.

"जयगावना पोऱ्यानी."

तिनं कॅरिअर दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. ते पक्कं होतं. मग बराच वेळ तिनं हात काढला नाही.

आता धनसिंग मला लांब नेत नाही. त्याचा दम पुरत नाही. गल्लीच्या टोकापर्यंत बसून जातो, पुढे हातात धरून चालतो. ब्रेकला नवं रबर आलं आहे. सोनेरी रेघा पिठाच्या पिशवीनं खरवडल्या गेल्या. पितळी दिवा भागाबाईनं काढून देव्हाऱ्याजवळ ठेवला, तिथेही तो पेटत नाही.

तुमच्या घरात, माळ्यावर किंवा मागच्या अंगणात एखादी जुनी सायकल असेल तर तिची दया येऊ देऊ नका. तिला रंग फासू नका, तिच्यापुढे पाटी लावू नका. चालवता येत असेल तर चालवा. नाहीतर ज्याला कुठे तरी जायचं आहे, त्याला देऊन टाका. तेवढंही होणार नसेल, तर सरळ भंगारात घाला. भट्टीत निदान कोणी फोटो काढत नाही.