बाबांनी न बिघडवलेला कॉम्प्युटर

सासऱ्यांचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ असायचा आणि सुनेचा त्याच्यावर डोळा होता. हे तिने कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण होता.

सगळं एकाच डबड्यात असलेला तो जुना कॉम्प्युटर होता. पुढे रुंद, लख्ख स्क्रीन आणि त्याच्याच पाठीत कोंबलेला बाकीचा संसार. डोकं म्हातारं झालेलं, चेहरा मात्र तरुण. बटण दाबून बाबा दाढीला बसायचे आणि दाढी उरकून आले की तेव्हा कुठे तो जागा झालेला असायचा.

बाबा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, पण भूगोलासाठी त्यांना कुणी ओळखत नव्हतं. अख्ख्या शाळेचं वेळापत्रक ते करायचे. निवृत्तीनंतरही शाळेने ते काम त्यांच्याकडेच ठेवलं होतं. टक्कल पडलेले विद्यार्थीसुद्धा रस्त्यात थांबून "नमस्कार, वेळापत्रक सर" म्हणायचे. शाळेचं नवं वर्ष जवळ आलं की बाबा त्या स्क्रीनसमोर ठाण मांडून रंगीत चौकोन इकडचे तिकडे सरकवत बसायचे. कवायतीनंतर गणित ठेवायचं नाही, कारण मुलांचं चित्त थाऱ्यावर नसतं. गुडघेदुखीवाल्या बाईंना लागोपाठ वरच्या मजल्यावर पाठवायचं नाही. चित्रकलेचे सर आणि विज्ञानाच्या बाई यांच्यात अबोला, म्हणून दोघांना एकाच वेळी मोकळा तास द्यायचा नाही. "शिक्षकांच्या खोलीत रक्तपात नको," बाबा म्हणायचे आणि एक हिरवा चौकोन उचलून शुक्रवारात नेऊन ठेवायचे.

हे सगळं दोनेक महिने. उरलेलं वर्षभर तो स्क्रीन धूळ खायचा.

सून घरूनच काम करायची. स्वयंपाकघरातल्या कपाटांचे आराखडे लॅपटॉपवर काढायचे, मापं लिहायची आणि कारखान्याला पाठवायची. तेवढ्याशा स्क्रीनवर कधी आराखडा समोर घ्यायचा, कधी मापं. या उलटापालटीत एकदा एक माप चुकलं, फळ्या आखूड कापल्या गेल्या आणि साहेबांनी सगळ्यांसमोर तिची बिनपाण्याने केली. "दुसरा स्क्रीन लावून घ्या," असंही वर सुनावलं. तिने मान वर केली तेव्हा खिडकीजवळचा तो रुंद स्क्रीन समोरच होता.

आधी तिने केबल आणली. डबड्याच्या बगलेत तसलीच खाच होती, केबल चपखल बसली आणि काहीही झालं नाही. रिपेअरवाला फोनवर हसला. "ताई, ते चित्र बाहेर जायचं दार आहे, आत यायचं नाही. सगळे हीच चूक करतात." मग तिने वायफायवरून लॅपटॉपचं चित्र त्याच्यावर पाठवून पाहिलं. चित्र आलं, पण माऊस हलवला की बाण आधी विचार करायचा आणि मग निघायचा. राग राग करत तिने तोही नाद सोडला. खरं तर त्यावर निभावून नेता आलं असतं. आराखडा लॅपटॉपवर ठेवून नुसती मापं तिकडे उघडली असती तर बाण रांगला काय नि धावला काय. हे तिला तेव्हाही कळत होतं.

"पक्कं काम हवं असेल तर पाठ उघडून आतलं सगळं काढून टाकायचं आणि एक छोटं कार्ड बसवायचं," रिपेअरवाला म्हणाला. "मग झकास स्क्रीन होतो बघा."

"आणि कॉम्प्युटर?"

"तो संपला मग."

बाबांना विचारायला हवं होतं. बाबा "घे की" म्हणाले असते, त्यात शंकाच नव्हती. पण त्यापाठोपाठ "तेवढं यंदाचं वेळापत्रक होऊ दे" असंही म्हणाले असते आणि तिला तोवर थांबायचं नव्हतं. नंतर नवऱ्याचा जुना लॅपटॉप त्यांना लावून देऊ, अशी तिने मनाची समजूत घातली. बाबा दिवसभरासाठी मित्राकडे गेले आणि तिने रिपेअरवाल्याला बोलावून घेतलं.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा टेबल रिकामं होतं. काय बोलायचं ते तिने घोकून ठेवलं होतं. तुम्ही फारसा वापरत नाही, मला गरज आहे, वगैरे. तोंड उघडणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, "दुरुस्तीला दिलास का गं? मला वाटलंच होतं. काल त्याच्यावर एक चौकट आली होती. काहीतरी विचारत होती. मी न वाचताच 'हो' दाबलं. त्यानेच गेला ना?"

"हं," ती म्हणाली.

एवढंच. पुढे तिने त्या 'हं'ची कितीदा तरी उजळणी केली. तिने खोटं रचलं नव्हतं, तयार मिळालेल्या खोट्याला नुसती मान डोलावली होती. पण त्याने खोट्याचं खरं होत नाही.

स्क्रीन तिच्या खोलीत लागला. कॉम्प्युटर गेला पण स्क्रीन वाचला, असं बाबांना सांगून झालं. बाबा दारात उभे राहून कौतुकाने बघत राहिले. एका बाजूला आराखडा, दुसऱ्या बाजूला मापं. "चला, निदान तुझ्या तरी उपयोगी आला," ते म्हणाले. "मला फार चुटपुट लागली होती." सुनेने मापांत डोकं खुपसलं.

नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपला बाबा हात लावेनात. "त्याचंही काही होऊन बसायचं," म्हणाले. मग मोबाइलवरचे संदेश ते तिच्याकडून लिहून घ्यायला लागले. कपडे धुण्याचं यंत्र लावायचं असलं की कपडे भरून, झाकण लावून उभे राहायचे आणि हाक मारायचे, "बटण तेवढं तूच दाब." लिफ्टमध्ये शिरले तरी दुसरं कुणी येईपर्यंत थांबायचे. शेजारीण हसत हसत सांगत होती की तुमचे सासरे लिफ्टमध्ये गप्पा मारायला माणूस शोधत असतात. सुनेला हसू आलं नाही.

एका सकाळी नवरा दार लोटून हळूच म्हणाला, "बाबा विचारत होते, डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का. त्यांना वाटतंय काकांसारखं सुरू झालंय."

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. तेही असंच भलतीच बटणं दाबायला लागले होते. नंतर घराचा पत्ता विसरले, शेवटी बाबांनाच "आपण कोण?" म्हणून विचारलं. बाबांनी त्यांचं सगळं केलं होतं. त्या दिवसांबद्दल ते कधी बोलत नसत.

"वयाचं आहे, दुसरं काय," नवरा म्हणाला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. सांगून टाकावं म्हणून सुनेने त्याच्याकडे पाहिलं, पण तो मोजे शोधत होता आणि तिने मोजे शोधून दिले.

दोनच दिवसांनी शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. बाई मूळच्या बाबांच्या हाताखाली तयार झालेल्या. वेळापत्रकाचं काय झालं म्हणून त्या विचारायला आल्या होत्या. सून आत चहा करत होती आणि बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं.

"यंदा दुसरं कुणी बघा, बाई," बाबा म्हणत होते. "माझ्या हातून कॉम्प्युटर गेला. समोर लिहिलेलं न वाचता बटण दाबलं मी. उद्या दोन वर्ग एकाच खोलीत पाठवीन. लोक हसतील त्याआधी थांबलेलं बरं."

"काहीतरीच काय, सर!"

"काहीतरीच नाही. भावाचं असंच सुरू झालं होतं."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की सुनेच्या हातातला चमचा तसाच राहिला. आपण एक स्क्रीन घेतला असं तिला इतके दिवस वाटत होतं. या माणसाचा स्वतःवरचा भरवसाच आपण काढून नेला, हे तिला तिथे ओट्याशी लख्ख कळलं. स्वतःची तिला शिसारी आली. गॅस बंद करून ती तशीच, चहा न घेता, बाहेर आली.

"बाबा, तुम्ही काहीही बिघडवलं नाही," ती म्हणाली. "कॉम्प्युटर चालू होता. मला स्क्रीन हवा होता म्हणून मीच तुमच्या मागे तो काढून घेतला. ती चौकट सगळ्यांना येते. 'हो' म्हटल्याने काही होत नसतं."

बाबांचा चेहरा हळूहळू असा काही खुलला की रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

"म्हणजे... चालू होता?"

"अगदी चालू होता."

"मी काही केलं नव्हतं?"

"काही नाही, बाबा. सगळं मी केलं."

बाबा मुख्याध्यापिकांकडे वळले. त्यांना वाटलं असणार, बाईंनीही हे ऐकलं, आता साक्षीदार झाला. पण बाईंचे डोळे भरून आले होते. त्या उठल्या आणि त्यांनी सुनेचा हात हातात घेतला.

"सर, नशीबवान आहात," त्या म्हणाल्या. "स्वतःवर आळ घेणारी सून आजच्या काळात कुणाला मिळते?"

सुनेला क्षणभर काही समजलंच नाही. समजलं तेव्हा उशीर झाला होता. बाबांच्या चेहऱ्यावरचं ते खुललेपण मावळत होतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान हलवून समजूतदारपणे हसले.

"नाही हो, बाई, खरंच!" ती जवळजवळ ओरडलीच. "मी खरं सांगतेय!"

"हो, हो," मुख्याध्यापिका तिचा हात थोपटत म्हणाल्या. जाताना त्यांनी दारातच सांगितलं की वेळापत्रक यंदा एका तरुण शिक्षकाकडे देतील आणि सरांचा छोटासा सत्कार करतील.

दार लागताच सून धावत आत गेली. आतले तुकडे रिपेअरवाल्याने एका पिशवीत घालून दिले होते. ती पिशवी तिने ड्रॉवरमधून काढून बाबांसमोर टेबलावर पालथी केली. "हे बघा, हे सगळं धडधाकट होतं. त्यालाच विचारा." तिने तिथल्या तिथे रिपेअरवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "सर, चालू होता की," तो म्हणाला. "ताईंनी काढायला सांगितलं म्हणून काढला." बाबांनी त्याचे आभार मानले. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "त्यालाही पढवून ठेवलंस होय?"

आता तिला रडू फुटत होतं. पिशवीतली हार्डडिस्क तिने बाहेरून जोडायच्या डबीत बसवली आणि लॅपटॉपला जोडली. बाबांना हाताला धरून तिने आपल्या खुर्चीत बसवलं. कपाटांचा आराखडा बाजूला सारला आणि गेल्या वर्षीचं वेळापत्रक त्या रुंद स्क्रीनवर उघडलं. सगळे रंगीत चौकोन जागच्या जागी होते. गणित कवायतीपासून लांब होतं. चित्रकलेचे सर मोकळे होते तेव्हा विज्ञानाच्या बाई वर्गावर होत्या.

"बघा," ती म्हणाली. "तुमच्या हातून बिघडलं असतं तर हे राहिलं असतं का?"

बाबांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ एकेक वार वाचला. बोटाने स्क्रीनला न शिवता ते ओळी मोजत होते. आता पटेल, आता पटेल, म्हणून ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"सगळं परत मिळवलंस," बाबा शेवटी म्हणाले. "मी घालवलेलं. कुणाकुणाच्या मागे लागली असशील गं."

"बाबा, मी खोटं बोलले होते. तेव्हा. आत्ता नाही."

"कळलं मला," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पाहुण्यांसमोर एवढा कमीपणा घेतलास माझ्यासाठी. पोटच्या पोरीने केलं नसतं."