भरून ठेवलेला पत्ता

मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत दिपालीचं काम सांगायला सोपं होतं, करायला किचकट. एक कॉम्प्युटर तयार करायचा, तोही हात लावता येणारा नव्हे, सर्व्हरच्या पोटात चालणारा. त्याला टेम्प्लेट, म्हणजे साचा, म्हणायचं आणि ग्राहकाकडच्या माणसाने त्यावरून हव्या तितक्या मशिनी काढायच्या. मशीन काढताना एक फॉर्म समोर येतो: मशीनचं नाव, नेटवर्कवरचा पत्ता, असलं काहीबाही. टेम्प्लेटमध्ये हे रकाने रिकामे सोडायचे, कारण पत्ता ज्याचा त्याचा वेगळा. दोन मशिनींना एकच पत्ता गेला की दोघींचंही वाटोळं.

हे दिपालीला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. शिकवलंच होतं कृष्णकांत सरांनी. पारशिवनीहून आलेली, इंग्रजीत अडखळणारी ही मुलगी कोणत्याच टीमला नको होती, तेव्हा सरांनी तिला मागून घेतलं. चार वर्षांत तिचा हात असा बसला की सर तिचं काम उघडूनही पाहत नसत. "दिपालीनं केलंय ना? मग झालं," म्हणायचे आणि मंजुरीचं बटण दाबायचे. टेम्प्लेट बनवायला अख्ख्या टीमचं लॉगिन एकच होतं. कुणी काय केलं याची नोंद नाही. नाव जायचं ते फक्त मंजुरी देणाऱ्याचं, म्हणजे सरांचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आलं. गावोगावच्या केंद्रांवर मशिनी लावायच्या होत्या आणि त्या लावणारा लॅबचा माणूस अंकित दर तासाला फोन करायचा.

"ताई, हा फॉर्म पत्ता मांगून राहिला. काय टाकू?"

"यादी पाठवली ना तुले? त्यात पाहून टाक."

"यादी सापडून नाही राहिली वं ताई."

दहाव्या फोनला दिपाली वैतागली. तिने पहिल्या केंद्राचा पत्ता टेम्प्लेटमध्येच भरून टाकला. नमुना पाहून बाकीचे तरी तो नीट भरेल, असा तिचा भाबडा हिशेब. सरांनी नेहमीसारखी मंजुरी दिली. अंकितला रकाना भरलेला दिसला आणि त्याला हायसं वाटलं. भरलेल्या रकान्याला कोण हात लावतो? त्याने दोन केंद्रांवर तोच पत्ता चढवला.

तीन दिवस दोन्हीकडचे रिपोर्ट कधी पोचले, कधी गडप झाले. एका म्हाताऱ्या बाईचं रक्त तीनदा काढलं आणि तिसऱ्यांदा ती खुर्चीतच भोवळ येऊन पडली. लॅबवाले भडकले. त्यांना माफी नको होती, नाव हवं होतं.

मंगळवारी अकराला सरांच्याही वरिष्ठ असलेल्या सुहासिनी मॅडमनी दिपालीला आणि सरांना बोलावलं. मनीषनगरच्या खोलीवरून स्कूटीने येताना दिपालीने वाक्य पाठ केलं होतं: तो पत्ता मी भरला. नोकरी गेली तर पारशिवनीला परत, आणि तिथे आईने दोन स्थळं आधीच पाहून ठेवलेली. तरी सांगायचंच, असं तिने ठरवलं होतं, अगदी मनापासून.

"टेम्प्लेटमध्ये पत्ता कुणी भरला?" मॅडमनी विचारलं.

सरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मंजुरी सरांची होती, मॅडम," ती म्हणाली.

शब्द न् शब्द खरा होता. एवढं खरं बोलून इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"हो, माझीच होती," सर शांतपणे म्हणाले. "मी उघडून पाहिलं नाही."

लॅबला सरांचं नाव गेलं, त्यांची नोकरीही गेली, आणि शुक्रवारी त्यांचा बावीस वर्षांचा संसार एका खोक्यात मावला. दिपाली ते खोकं उचलून लिफ्टपर्यंत गेली. माफीचा शब्द ओठांवर येत होता आणि मागे जात होता.

"एक सांगू?" सर म्हणाले. "आपल्याला बोलावलं त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारीच, मी मॅडमना भेटलो होतो. म्हटलं, भरलं तिनं, पाहिलं नाही मी, चूक दोघांची. त्या म्हणाल्या, पोरगी स्वतः कबूल झाली तर दोघांनाही ठेवते, लॅबला मी समजावते; नाहीतर नोंदीत नाव तुमचंच आहे. मात्र तिला आधी सांगायचं नाही."

दिपालीला खोकं जड झालं. सरांनी ते तिच्या हातातून घेतलं.

"मले काहून नाही सांगितलं, सर?" तिच्या तोंडून घरची बोली निघाली.

"अगं, शब्द दिला होता ना. आणि मला वाटलं, तू बोलशील."

लिफ्ट आली, ते गेले.

पुढच्या सोमवारी सगळ्यांना मेल आला: यापुढे मंजुरी दिपाली देईल. जागा कुणाला तरी द्यायची होती आणि काम तिलाच येत होतं. दुपारपर्यंत अभिनंदनाचे पंधरा निरोप आले. तिने एकेकाला आभार लिहिले. सोळावा कृष्णकांत सरांचा होता, दोनच शब्दांचा: "अभिनंदन, दिपाली." त्याचं उत्तर लिहायला ती संध्याकाळपर्यंत बसून होती, आणि उत्तराचा रकाना रिकामाच राहिला.