मडकं कोणी धरायचं

महिपती बोटवाले १९३७ साली, एकोणऐंशीव्या वर्षी गेले. सरकारी आरमारात वीस वर्षं काढून पेन्शनीवर आलेला वडगाव निंबाळकरातला हा एकटाच माणूस. बाकी गावानं नीरेच्या कालव्यापलीकडं पाणी पाहिलं नव्हतं, तरी मढ्याशेजारी बसून जो तो समुद्राच्या गोष्टी सांगत होता.

महिपतींना, म्हणजे तात्यांना, दोन मुलगे. थोरला जोतीराम अंगणात गोवऱ्या पेटवत होता. तात्यांबरोबर त्यानं वांगी-मिरच्या लावल्या, बारामतीच्या बाजारात पाट्या नेल्या, शेवटची दोन वर्षं त्यांना उचलून अंघोळ घातली. आता बेचाळिसाव्या वर्षी त्याला एकच गोष्ट हवी होती. विस्तवाचं मडकं धरून तात्यांच्या पुढं चालायचं.

विस्तव मडक्यात पडला आणि सावळाराम खाकरला. हा महिपतींचा चुलत भाऊ, भावकीचा कारभारी.

"जोतीराम, मडकं धाकल्या सोपानकडं दे. रक्ताचा थोरला त्यो हाय."

गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, जोतीरामलाही. चाळीस वर्षं कुणी तोंडावर काढली नव्हती, इतकंच. महिपतींची बोट एडनजवळ बुडाल्याची खबर गावात आली होती. ते आदल्याच दिवशी दुसऱ्या बोटीवर चढून रंगूनला गेले होते, आणि अशी काही खबर घरी पोचली असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. रीत बारा वर्षं वाट पाहायची. भावकीनं वर्षातच त्यांच्या नावानं पळसाच्या पानांचा पुतळा जाळला आणि त्यांच्या तरण्या बायकोचा, कौसल्येचा, इंदापूरच्या दत्तोबाशी पाट लावून दिला. जोतीराम त्या दत्तोबाचा. दत्तोबा प्लेगात गेला आणि पुढच्याच साली महिपती पेटी खांद्यावर घेऊन वेशीत उभे. ऐकलं तसे इंदापूरला गेले आणि मायलेकरांना घेऊन आले.

गाव हबकलं. दिवसकार्य झालेल्या माणसाचं करायचं काय? भटजी म्हणाले, पुन्हा जन्म घ्यायला हवा. झालं, मिशीवाल्या महिपतींचं बारसं केलं, मग कौसल्येशी पुन्हा लग्न. त्या लग्नात त्यांनी तीन वर्षांच्या जोतीरामला मांडीवर घेतलं ते कायमचं. सोपान दोन वर्षांनी झाला.

सोपान आता खाली मान घालून उभा होता. उंबऱ्यात बसलेल्या कौसल्येनं तोंड उघडलं.

"भावजी, त्यो तवा मेला व्हता का न्हाय?"

"वैनी, ह्ये काय बोलनं!"

"सांगा की. मेला असंल तर तुमी त्याला जाळलाय, मग हितं कोन पडलंय? आन् जिता असंल तर मी त्याचीच बायकू व्हते, माजं पोर त्याचंच. त्यानं पदरात घेतलं. काढून घेनारं तुमी कोन?"

सावळाराम तडक उठला. त्यानं पायताण घातलं. "मंग तुमचं तुमी बघा." त्याच्यामागं सगळी भावकी उठली. समुद्राच्या गोष्टी सांगणारेही उठले.

खांदे दोनच उरले, त्यात एकाच्या हाती मडकं. शेवटी शेजारच्या मळ्यातल्या गेणबानं बैलगाडी जुंपली. पुढं जोतीराम, मागं गाडीत तात्या, गाडी धरून सोपान. हवं होतं ते जोतीरामला मिळालं होतं. तरी आपल्यापायी बाप बिनखांद्यांचा चालला म्हणून त्याची मान वर होत नव्हती.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भाऊबंदांकडून पिठलं-भाकरी येते, तिला कडू घास म्हणतात. दोघं नदीवरून परतले, दिवेलागण झाली, पोरं दाराकडं बघत बसली. कुणी आलं नाही.

कौसल्या उठली आणि काटक्या मोडायला लागली.

"आत्याबाई, आज चूल..." सोपानची बायको रतन घाबरून म्हणाली.

"ठावं हाय मला."

कपाळ पुसलेल्या त्या म्हातारीनं नवरा जाळल्याच्या दिवशी स्वतःच्या हातानं चूल पेटवली, पिठलं रटरटवलं. पहिलं ताट जोतीरामपुढं ठेवलं. त्यानं ताट बाजूला सारलं.

"खा रं," ती म्हणाली. "थोरल्यानं घास घेतल्याबिगर धाकट्यांनी खायाचं कसं?"

जोतीरामनं घास घेतला आणि रडत रडत गिळला.