पुतळाबाईच्या तिसऱ्या

बोरिवलीच्या खाडीखालून पाण्याचा पाइप न्यायचा, तोही न खणता. एका काठाला मशीन लावायचं आणि जमिनीखालून आडवं भोक पाडत दुसऱ्या काठाला निघायचं. "तिवरांचं पानही हलणार नाही," असं मी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सुयोगने, कोळीवाड्यातल्या मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं होतं. शहाणपणा नडतो तो असा.

मंगळवारी सकाळी प्रेशरचा काटा घसरला. मीटर बिघडला असेल म्हणून मी त्याला टिचकी मारली आणि चहा मागवला. तेवढ्यात गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, कोळीवाड्यातली पुतळाबाई आली. बाई साठीची, पण आवाजापुढे जनरेटर लाजेल.

"तुझी माती माझ्या तिसऱ्यांवर आलीय, शिंपल्या गुदमरतायत!"

"मावशी, खाडीत माती नाही तर काय श्रीखंड असणार?"

"खाडीची माती पाय धरते. ही सोडते. चल, दाखवते!"

मशीन माझ्या मदतनिसाच्या, केयूरच्या हाती देऊन गेलो. ओहोटी होती. दोन पावलांत असा आपटलो की कपड्यांची पार वाट लागली. राखाडी, लोण्यासारखी माती. अरे देवा, आमचीच! भोक ढासळू नये म्हणून आम्ही ती पाण्यात कालवून आत सोडतो. कुठल्याशा भेगेतून वर आली होती, म्हणूनच तो काटा घसरला होता.

"विषारी नाही हं ती," मी पडल्या पडल्या म्हणालो. "निव्वळ माती."

"पीठ तरी कुठे विषारी असतं? भर नाकात आणि घे श्वास! तीन घरं जगतात रे या जागेवर."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मालवणी माणूस, तिसऱ्या खाऊन वाढलो, आणि त्यांचाच गळा घोटत होतो. तिथूनच फोन केला, "केयूर, मशीन बंद कर!" साहेब भडकले. भडकू देत. चिखल ओढणारा टँकर तिवरांत शिरेना, मग भरतीच्या आत सात जणांनी हातांनी, घमेल्यांनी ती माती उचलली. पुतळाबाई सगळ्यांना शिव्या घालत होती, मला जरा जास्तच.

पाणी चढायला लागलं तशी तिने मूठभर तिसऱ्या काढून पातेल्यात खाडीच्या पाण्यात टाकल्या. "तोंड उघडलं तर जगल्या."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक हलेना. मला रडूच यायला लागलं. नाक पाण्याला लागेपर्यंत वाकून बघत होतो, आणि एकीने तोंड उघडून पिचकारी मारली, थेट डोळ्यात!

"जगल्या गं मावशी!" मी नाचायलाच लागलो.

पुतळाबाई दिवसभरात पहिल्यांदा हसली. "तिलाही तुझा राग आलाय," म्हणाली, आणि पातेलं खाडीत ओतून आली.