करणारा कुणी नाही

टाकवे बुद्रुकचा ड्रायव्हर सरदार एका कंपनीच्या कामगारांची गाडी चालवायचा. वीस वर्षांत साधं कुत्रंसुद्धा त्याच्या चाकाखाली आलं नव्हतं. गेल्या महिन्यात सकाळी सातला वलवणच्या वळणावर पायी चाललेले म्हातारे राजेंद्र मास्तर आले. जागच्या जागी गेले.

सरदारला जामीन मिळाला, पण घशाखाली घास उतरेना. शेवटी त्याची बायको बिस्मिल्ला त्याला म्हणाली, "येकदा त्यांच्या घरी जाऊन या. मारत्याल तर मारू द्या."

तुंगार्लीतल्या घराचं दार मास्तरांच्या मुलानं, प्रज्ञेशनं उघडलं. सरदारनं नाव सांगितलं आणि मान खाली घातली. आता थोबाडीत बसणार! पण प्रज्ञेशनं त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"साहेब, माझ्यामुळं..."

"तुमच्यामुळे काही नाही, सरदारभाऊ." बरीच वर्षं अद्वैताच्या सत्संगाला जाणाऱ्या माणसाचा तो सावकाश आवाज. "करणारा कुणी नसतोच. एकच चैतन्य आहे. तुमची गाडी, आमचे बाबा, सगळं त्यात आपोआप घडतं."

"पर मी मोबाइल बघत हुतो."

"बघणं घडलं."

"हातात मीच घेतलता की!"

"घेणं घडलं."

महिनाभर सरदार स्वतःला हेच समजावत होता. हात आपसूक गेला, मी कुटं ठरवून उचलला? आता समोरच्यानंच ते म्हटलं, तर त्याला ते ऐकवेना. एवढी माफी मनात घेऊन आला होता, ती ठेवायला जागाच राहिली नाही.

"साहेब, एक शिवी तरी द्या."

प्रज्ञेशनं नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात आतून मास्तरांची बायको येसूबाई आली. पदरानं हात पुसत उभी राहिली.

"कुणाचा फोन होता?"

"फोन न्हवता, मावशी. लेकीनं नाचाचा व्हिडिओ धाडलाता."

"मग पोचल्यावर बघायचा होतास."

"व्हय."

"थांबता आलं असतं ना तुला?"

सरदार घुटमळला. आलं असतं का? मोबाइल वाजला की हात जायचाच, रोज जायचा. पण तो म्हणाला, "आलं असतं." आणि भडभडून रडायला लागला.

"आई, कशाला विचारतेस हे?" प्रज्ञेश म्हणाला.

"तू बोलू नकोस." ती सरदारकडे वळली. "ह्यानंच त्या सकाळी दुधाला पाठवलं होतं त्यांना. गुडघा दुखतोय म्हणत होते, तरी पाठवलं. तेव्हापासून याचं एकच, करणारा कुणी नाही, करणारा कुणी नाही. मला धड रडूही देत नाही."

प्रज्ञेश तिच्याकडे वळला. "मग मी दुसरं काय म्हणू, आई?"



"मला माफ करा, मावशी," सरदार म्हणाला.

"नाही होत रे. रोज करून बघते. नाही होत."

सरदार उठला, उंबऱ्याशी जाऊन चपला पायात सरकवू लागला. मागे प्रज्ञेशला हुंदका फुटला, मग दुसरा, मग तो आवरेचना. येसूबाई भिंतीला टेकून तशीच उभी राहिली, त्याच्याजवळ गेली नाही. आत जावं की निघावं, सरदारला काही सुधरेना. एका पायात चप्पल घालून तो उंबऱ्यावर थांबून राहिला.