किरकिऱ्याचं तोंड कुणी बांधलं

तुमच्या तोंडावर कुणी कधी चिकटपट्टी मारली आहे का? मारली असेल तर माझं बोलणं तुम्हाला लगेच कळेल. नसेल, तर नुसतं ऐका. मी बोईसरच्या एका केमिकल कारखान्यातला ऑक्सिजन मीटर बोलतोय. आणि रागाने बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो.

मी दिसायला तळहाताएवढा, पिवळा, पाठीला चिमटा. माणसाने मला छातीशी अडकवायचं आणि टाकीत उतरायचं. माझं काम एकच, हवा हुंगत राहायचं. साध्या हवेत शंभरात एकवीस भाग ऑक्सिजन असतो. तो कमी झाला की मी ओरडतो, लाल दिवा मारतो आणि अंगभर थरथरतो. ह्या ओरडण्यामुळेच कामगारांनी माझं नाव किरकिऱ्या ठेवलं होतं.

"लागला बघ रडायला," टाकी धुणारा चिंतू म्हणायचा. "ह्याला घरी पाळण्यात घालून या कोनीतरी."

चिंतूच्या ह्या बोलण्याचा मला राग नव्हता. तो हसायचा, पण मी ओरडलो की शिडीवरून मुकाट वर यायचा.

इथल्या माणसांचा नाकावर फार विश्वास. कारखान्यांना लागून असलेल्या कुंभवलीत राहणाऱ्याला उंबऱ्यात उभं राहून कळतं की आज वास नाल्याचा आहे की रंगाच्या कारखान्याचा. कुठल्या वासाने डोळे चुरचुरतात, कुठल्याने मळमळतं, हे बाया पाणी भरताना एकमेकींना सांगतात. म्हणून जिथे वास नाही तिथली हवा चांगली, अशी सगळ्यांची पक्की समजूत. टाकीचं झाकण उघडलं की आधी डोकं आत घालून हुंगायचं, "वास नाय" म्हणायचं आणि उतरायचं. माझ्या आधीपासूनची ही रीत.

पण नायट्रोजनला वासच नसतो. टाकीतल्या मालाला आग लागू नये म्हणून तो आत भरून ठेवतात. त्याने खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. तो फक्त ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. माणूस छातीभर श्वास घेतो आणि त्या श्वासात काहीच नसतं. दुसऱ्या श्वासाला गुडघे जातात. मेंदू चार-पाच मिनिटं कसाबसा तग धरतो. त्यानंतर जे जातं ते परत येत नाही.

माझ्या तोंडावर काळी पट्टी मारली ती रूपेश साहेबांनी. ते आमच्या विभागाचे सुपरवायझर. एकदा मुंबईहून मोठे साहेब पाहुण्यांना कारखाना दाखवायला आले होते आणि मी नेमका तेव्हा ओरडत होतो. रूपेश साहेबांनी खिशातली वायरिंगची पट्टी काढली, माझा आवाज आणि दिवा दोन्ही झाकले. पाहुणे गेले. पट्टी तशीच राहिली.

अंकुश उतरला तेव्हाही ती होती.

अंकुश विक्रमगडकडच्या डोंगरातला. भात निघालं की तो आणि धाकटा भाऊ देवू कामाला खाली यायचे. पुढे तो कुंभवलीत खोली घेऊन राहिला, बायको मंगळीला घेऊन आला. त्या दिवशी टाकी धुवायची घाई होती. आधी ब्लोअर लावून आत ताजी हवा सोडायची असते. रूपेश साहेब म्हणाले, "ब्लोअर दुसरीकडे लागलाय. वास येतो का बघ. नाही ना? मग उतर."

अंकुशने हुंगलं. "वास नाय," तो म्हणाला आणि मला छातीशी लावून शिडीवर पाय टाकला.

मी पट्टीखाली जीव तोडून ओरडलो. टाकीवर गडगडणाऱ्या मोटरीपुढे माझा आवाज कुठे पोचणार? मग जेवढा थरथरू शकत होतो तेवढा थरथरलो. अंकुशने छातीवर हात ठेवला. "आता कोन फोन करतंय," एवढंच म्हणाला आणि हसला. पुढच्या श्वासाला त्याची शिडीवरची पकड सुटली.

देवू वर उभा होता. भाऊ तळाशी पडलेला पाहून तो विचार न करता आत उतरला आणि त्याच्याच अंगावर कोसळला. मग कुठून तरी ब्लोअर आला. दोघांना वर घेईपर्यंत अंकुश गेला होता. देवूचा श्वास चालू होता. तो आज जिवंत आहे, पण त्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. वहिनीला तो आई म्हणतो, आणि रोज विचारतो की दादा कुठल्या पाळीला गेलाय.

रूपेश साहेबांनी पोलिसांना सांगितलं, "पिऊन आला होता. तोल गेला." ठेकेदाराच्या माणसांनी माना हलवल्या. गेटपास गेला तर घरी काय सांगणार? रक्ताचा अहवाल यायचा होता, पण वस्तीला अहवालाची गरज नव्हती. बेवड्याची बायको म्हणून मंगळी दोन दिवसांत ओळखली जाऊ लागली.

मला पुसून परत टाकीजवळच्या खिळ्याला टांगलं. पट्टीसकट.

काही दिवसांनी मंगळी झाडलोट करायला त्याच कारखान्यात लागली. सगळे म्हणाले, पोटासाठी आली. ती कशासाठी आली ते चिंतूला जेवणाच्या सुट्टीत कळलं.

"वहिनी, इथं कशाला आलीस तू? दुसरीकडं काम नाय का?"

"हाय. पन तो मानूस इथं हाय."

"काय करनार तू त्याला?"

"त्याच्याच तोंडून ऐकनार, माझा नवरा पिऊन मेला नाय म्हनून. प्यायचा तो, मी नाय कशाला म्हनू? लग्नात, सनाला प्यायचा. कामावर येताना कदी नाय."

चिंतूने भाकरी खाली ठेवली. खिळ्याकडे बोट दाखवून तो हळूच म्हणाला, "तो त्याच्या छातीला होता. तोंड बांधलेला."

"कोनी बांधलं?"

चिंतूने वर रूपेश साहेबांच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं. मंगळी उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता पट्टी काढणार. तिने फक्त कडेवरून नख फिरवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आज काढली तर तो उद्या दुसरी लावील."

तेव्हापासून आम्ही दोघं वाट पाहू लागलो. तिच्या मनात काय होतं ते तिने सांगितलं नाही. माझ्या मनातलं सांगतो. रूपेश साहेबांनी मला छातीशी लावून त्या शिडीवरून उतरावं आणि मी गप्प राहावं, एवढंच मला हवं होतं.

वेळ आली ती भर दुपारी. टाकी पुन्हा धुवायची होती. रूपेश साहेब पालघरहून नवा चष्मा करून आले होते. आत किती माल चिकटलाय ते बघायला ते झाकणातून वाकले आणि चष्मा सुटून तळाशी गेला.

"चिंतू, उतर आणि घेऊन ये."

"ब्लोअर, साहेब?"

"एका चष्म्यासाठी ब्लोअर? वास येतोय का? नाही ना? आणि मीटर बघ, शांत आहे."

चिंतू शिडीकडे निघाला. मंगळीने झाडू आडवा धरला.

"चष्मा तुमचा हाय, साहेब. तुमीच उतरा."

"ए बाई, बाजूला हो."

"वास नाय म्हनता, मीटर शांत हाय म्हनता. मग दोन पायऱ्या उतरायला काय झालं? की पिऊन आलाव?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मोटर बंद होती, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. आजूबाजूची माणसं हातातलं काम ठेवून जवळ आली. मंगळीने मला खिळ्यावरून काढलं, एका ओढीत पट्टी सोलली, झाडूची सुतळी माझ्या चिमट्याला बांधली आणि मला टाकीत सोडलं.

मी ओरडलो. लोखंडी टाकीत माझा आवाज दसपट झाला. अंकुशसाठी ओरडलो, देवूच्या बटणांसाठी ओरडलो. तिने मला वर ओढलं आणि मी ओरडत असतानाच रूपेश साहेबांच्या खिशाला अडकवलं.

"उतरा."

मला ते उतरायला हवे होते. खोटं कशाला बोलू?

साहेब मागे सरकले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "वेड लागलंय का तुला? दोन श्वासांत आडवा होईन मी."

मंगळीने आवाज चढवला नाही.

"मग माझा नवरा कशानं आडवा झाला?"

"हे बघ, मंगळी..."

"दारूनं?"

"नाही."

"मोठ्यानं सांगा. मागच्यांना ऐकू नाय गेलं."

"दारू नव्हती. आत हवा नव्हती."

तेवढं ऐकून तिने मला त्यांच्या खिशावरून काढून घेतलं. चष्मा तळाशीच राहिला. माझा राग मात्र पुरता गेलेला नाही. तो देवूकडे पाहिलं की परत येतो.

तुम्हाला एवढंच सांगणं. टाकीत, विहिरीत, गटारात माणूस पडलेला दिसला तर नाकावर विसंबू नका आणि त्याच्यामागे उडी घेऊ नका. आधी ताजी हवा आत सोडा, मदत बोलवा, दोराने वर ओढता येत असेल तर ओढा. आणि माझ्यासारखा कुणी ओरडत असेल तर त्याचं तोंड बांधू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतू आणि पहिल्या पाळीची माणसं कंपनीच्या बसमध्ये चढली नाहीत. ती मंगळीबरोबर पोलीस ठाण्यात गेली आणि अंकुश त्या दिवशी प्यायला नव्हता असा जबाब एकेकाने दिला.