माझ्यात काय शिजलं?

मी एक जुनी स्टीलची कढई आहे. रत्नागिरीजवळच्या एका लहान कारखान्यात मी वाफेवर आंब्याचा जॅम आटवते. मित्रांनो, मी इथे आले तेव्हा माझ्यात फक्त आंबा, साखर आणि लिंबू पडायचं. जॅम कधी केशरी व्हायचा, कधी तपकिरी. दुकानदार कुरकुरायचे. मग पिवळा रंग आला. कायद्याने चालणारा, मापातच घातलेला. बाटल्या झळकू लागल्या आणि सारे माझं कौतुक करू लागले.

यंदा मे महिन्यात गुहागरच्या रेणुका नावाच्या शिक्षिकेने मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला. जॅम खाल्ल्यावर तिच्या लेकीच्या, मनस्विनीच्या अंगभर गांध्या उठल्या होत्या. "यात कोणता रंग आहे, एवढंच सांगा," ती म्हणत होती. बाटलीवर बारीक अक्षरात रंगाचा नुसता सांकेतिक क्रमांक होता, नाव नव्हतं.

मालक चारुदत्त चिडले. "सगळं कायद्यात बसतं. ही आमची बदनामी आहे," असं त्यांनी जाहीर केलं. लोक आणखीच बिथरले. दुकानांतून खोकी परत आली. माझी वाफ बंद झाली. कामाला आलेल्या बायका फाटकावरूनच माघारी जायच्या.

एके सकाळी रेणुका लेकीला घेऊन आली.

"आत घेऊ नकोस तिला," चारुदत्त आपल्या थोरल्या बहिणीला, कारखान्यातल्या भागीदार उमाताईंना म्हणाले.

"चारू, ती भांडायला नाही रे आलेली. विचारायला आलीय," उमाताई म्हणाल्या. त्यांनी दोघींना थेट माझ्यापाशी आणलं, रंगाचा डबा दाखवला, त्याचं नाव वाचलं.

"यानेच झालं का?" रेणुकाने विचारलं.

"मला ठाऊक नाही हो. पण आम्ही हा घालतो. तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. डॉक्टरांना हे नाव दाखवा."

त्याच दिवशी उमाताईंनी रंगाचं नाव सगळ्यांना सांगितलं आणि तो घालणं थांबवलं. चारुदत्त कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितलं, इतरांचं माहीत नाही, पण मनस्विनीला हा रंग सोसत नाही.

आता जॅम पुन्हा कधी केशरी, कधी तपकिरी होतो. बरेच दुकानदार अजून परतलेले नाहीत. कित्येक दिवस मी थंडच असते. पुढच्या हंगामात मला ठेवतील की भंगारात काढतील, कळत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणासाठी काही शिजवाल. खाणारा काळजीने विचारायला आला, तर त्याच्यावर चिडू नका. मी तर पडेल ते मुकाट्याने आटवते. आत काय पडलं ते सांगायचं काम तुमचं.